पातळ उशीची प्रार्थना

सर्जननी दुसऱ्यांदा तारीख पुढे ढकलली, त्याच दिवशी आमचं तिसगावला जायचं ठरलं. माझ्या नवऱ्याला, सुधीरला, हर्निया आहे. ऑपरेशन तसं साधं. पण दवाखान्यात पाऊल टाकलं की त्याचं बीपी असं चढायचं, की डॉक्टर दंडाचा पट्टा सोडवताना नुसती मान हलवायचे. वजन उचलायला बंदी होतीच. वर त्यांनी बजावलं होतं की फार लांबवलं आणि आतडं अडकलं, तर घाईघाईत टेबलावर घ्यावं लागेल, आणि ते कुणालाच नको आहे. "टेन्शन कमी करा," ते म्हणाले. "चाला, नीट झोपा, मोबाईल बाजूला ठेवा, चार दिवस कुठेतरी जाऊन या."

सुधीर कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंगला आहे. टेन्शन कमी करायला सांगितल्यावर त्याने तेच एक काम म्हणून हाती घेतलं. मोबाईलवर श्वास घ्यायची आठवण करणारं अ‍ॅप आलं, ते टण्ण वाजलं की हा डोळे मिटून बसायचा, मग समोर पाहुणे असोत नाहीतर आमटीचं वाटप चालू असो. बीपी मोजायचं यंत्र आलं. उठल्यावर, चहानंतर, बातम्यांनंतर, माझ्याशी वाद झाल्यावर आणि वाद होणार असं वाटल्यावर मोजणी. आकडा वाढला की काळजी, काळजीने पुन्हा आकडा. सकाळ-संध्याकाळ तो पट्ट्याचा फुस्स आवाज ऐकून माझंच बीपी वाढायची वेळ आली होती.

लोक अशा वेळी कोकणात जातात किंवा महाबळेश्वरला. मी एस्तेरला फोन केला. नगरला डी.एड. करताना आम्ही दोघी हॉस्टेलच्या एकाच खोलीत होतो. आता ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि तिसगावपासून थोडं आत, सासरच्या वस्तीवर राहते. "ये की," ती म्हणाली. "इथं बघण्यासारखं काहीच नाही. त्याला तेच बरं."

ज्यांना हा रस्ता करायचा आहे त्यांच्यासाठी: पुण्याहून वाघोली उजाडायच्या आत ओलांडा, नाहीतर तिथेच दुपार होईल. शिरूरच्या पुढे रस्ता मोकळा होतो. सुप्याला आम्ही मिसळ खाल्ली, तर्री वेगळी मागून घेतली, सुधीरने ती नुसती बघितली. पेट्रोल नगरलाच भरून घ्या. भिंगार मागे टाकून पाथर्डी रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना तूर, ज्वारी, मध्येच कपाशीच्या काड्या. करंजीचा घाट लहानसा आहे, पण वळणं दमदार आहेत. नेमकं एका वळणावर अ‍ॅप टण्ण वाजलं. "गाडी चालवताना डोळे मिटलेस तर टेन्शन कायमचंच जाईल," मी म्हणाले. त्याने फोन बंद करून कप्प्यात टाकला.

तिसगावच्या चौकात बियाण्यांची दुकानं, भजी, रसवंती, जीपवाल्यांच्या हाका. तिथून वस्तीपर्यंतचा रस्ता अर्धा डांबरी, अर्धा नशिबावर. वस्तीवर बहुतेक घरं ख्रिस्ती, तीन-चार पिढ्यांपूर्वीपासूनची. एस्तेरचे सासरे, आबा, ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. "जय ख्रिस्त" म्हणाले, आम्ही "नमस्कार आबा" म्हणालो, आणि त्यांनी सुधीरपुढे शेंगांनी भरलेलं सूप सरकवलं. ना प्रवास कसा झाला, ना तब्येत काय म्हणते. सुधीर सोलायला लागला. चहा येईपर्यंत दोघांनी सूप रिकामं केलं.

राहायची सोय सगळ्यांना अशी मिळणार नाही, हे मला माहीत आहे. तिसगावात धड लॉज मला दिसला नाही. तुम्ही नगरला उतरून दिवसभराची फेरी करू शकता.

संध्याकाळी एस्तेरने हुलग्याची शेंगोळी आणि बाजरीची भाकरी केली. सुधीरच्या वाटीत मीठ कमी, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. जेवणाआधी शेजारची माणसं आली, पाचसात जणं असतील. घोंगडी अंथरली गेली, एस्तेरच्या नवऱ्याने, शांतवनने, पेटी पुढे ओढली, दोन गीतं झाली. हा त्यांचा रोजचा शिरस्ता. आम्ही देवळात जाणारी माणसं, पण उठून आत बसणं बरं दिसेना म्हणून भिंतीला टेकून बसलो.

गीतं झाल्यावर आबा एकेकाकडे बघून विचारू लागले, "विनंती?"

शांतवन म्हणाला, "मोटार जळालीय. रिवायंडिंगला दिलीय. पाणी येळंवर मिळू दे." शेजारच्या सोनूबाई म्हणाल्या, "लेक-जावई ऊसतोडीला गेल्यात. तीन दीस फोन लागंना. येवढंच." कुणी "लागेल हो" म्हणालं नाही. कुणी "चार्जिंग नसेल" म्हणालं नाही. आबांनी मान हलवली आणि पुढे वळले.

पुढे सुधीर बसला होता.

"दादा, तुमची काय विनंती?"

त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की याला काही कळलेलं नाही. मागच्या दोघांचं बोलणं त्याने ऐकलंच नव्हतं बहुधा. तो मनात श्वास मोजत असणार. यजमान पाहुण्याला काय हवं-नको विचारताहेत असं समजून तो संकोचून म्हणाला, "नाही, सगळं छान आहे. फक्त उशी जरा पातळ मिळाली तर बरं."

मी मान खाली घातली. एस्तेरने पदर तोंडाला लावला. आबांचा चेहरा मात्र तसाच. सगळ्यांनी डोळे मिटले आणि आबा प्रार्थना करू लागले, "प्रेमळ बापा, शांतवनच्या मोटारीकडं बघ. सोनूबाईच्या लेकराला सुखरूप ठेव, तिचा आवाज आईच्या कानी पडू दे. आन ह्या लांबून आलेल्या भावाला पातळ उशी मिळू दे, त्याच्या मानंला इसावा दे." सगळे म्हणाले, "आमेन."

जेवताना सुधीरने मला हळूच विचारलं, "ती देवाकडे मागायची होती का?" मी हो म्हटल्यावर कानापर्यंत लाल झाला. मग आधी शांतवनला हसू फुटलं, मग त्यालाच. कित्येक महिन्यांत मी त्याला असं पोट धरून हसताना बघितलं नव्हतं. पोट धरणं अर्थात हर्नियामुळेही होतं. झोपायच्या वेळी एस्तेरने चादरीची घडी घालून उशीच्या अभ्र्यात सरकवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राची बातमी वस्तीभर झाली. सुधीर ओट्यावर बीपी मोजत बसला होता, ते पाहून एक जण थांबला, मग दोघी आल्या, मग रांगच लागली. "माझं बगा की, चक्कर येती." "आमचं म्हातारं लई चिडतं, त्याचं बगा." सुधीर प्रत्येकाला पाय खाली सोडून गप्प बसायला सांगत होता, आणि कुणीही गप्प बसत नव्हतं. दोघांचे आकडे खरंच जास्त निघाले, त्यांना त्याने तिसगावच्या सरकारी दवाखान्यात जायला बजावलं. सोनूबाईंचं चांगलं निघालं. "मंग काळजी करून बी काय व्हत न्हाई म्हना," त्या म्हणाल्या आणि खुरपं घेऊन निघून गेल्या. दुपारपर्यंत यंत्राचे सेल संपले. शांतवन तिसगावला चालला होता, मी म्हटलं सेल मागवून घे. सुधीर म्हणाला, "राहू दे." मला वाटलं चुकून बोलला.

नंतर आम्ही शेताच्या बांधाने चाललो. सावकाश, कारण त्याला तसंच चालायला लागतं. कोवळी कणसं भाजून हुरडा झाला, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. चटणीला त्याने हात लावला नाही, मी दोघांची खाल्ली. बघण्यासारखं खरोखर काही नव्हतं. दूर टेकड्यांची रांग, एक टेम्पो, धूळ. तो बाभळीखाली बराच वेळ बसला. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "कसला विचार करतोस?" त्याने नेहमीप्रमाणे सांगितलं, "कसलाच नाही."

संध्याकाळी पुन्हा घोंगडी अंथरली. सोनूबाईंच्या लेकीचा फोन अजून लागला नव्हता. त्यांनी कालचंच वाक्य पुन्हा सांगितलं, तसंच, तेवढंच. शांतवनने मोटार मिळाल्याचं सांगितलं. मग आबा सुधीरकडे वळले. त्यांनी काल विचारलं तसंच विचारलं, डोळ्यात चेष्टा नव्हती.

सुधीर म्हणाला, "माझं ऑपरेशन आहे. मला भुलीची भीती वाटते. माझा मोठा भाऊ टेबलावरून उठला नव्हता. त्याचं हृदय आधीच कमकुवत होतं, हे नंतर कळलं. मला भूल देतील तेव्हा मीही उठणार नाही, असं वाटतं. एवढंच."

त्याच्या भावाचं जाणं मला माहीत होतं. आमच्या लग्नाआधीची गोष्ट. घरात फोटो आहे, वर्षाला हार घालतो. पण दवाखान्यात चढणारं बीपी आणि भिंतीवरचा तो फोटो मी कधी एकत्र बघितले नव्हते, आणि त्याने कधी दाखवले नव्हते. मला रडू आलं. त्याहून जास्त, खरं सांगते, राग आला. पंचवीस वर्षं माझ्या शेजारी झोपणारा माणूस हे मला नाही, घोंगडीवरच्या अनोळखी माणसांना सांगत होता.

आबा म्हणाले, "बरं." मग डोळे मिटून बाकीच्यांबरोबर त्याचंही नाव घेतलं, भुलीचं आणि भावाचंही. उठून जाताना सोनूबाई त्याच्यापाशी थांबल्या. "भ्या तर वाटनारच की," त्या म्हणाल्या. "पोट फाडायचं म्हंजे काय खेळ हाय व्हय?" आणि चपला घालून गेल्या. सुधीरने त्यांच्याकडे असं बघितलं, जणू इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याला खरं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. एस्तेरने तुरीची डाळ बांधून दिली, आबा ओट्यावरूनच हात वर करून राहिले. परतताना मिरीवरून घोडेगावला निघणारा रस्ता धरला, वाटेत शनिशिंगणापूर होतं म्हणून. गाडी लावायच्या आधीच तेलवाले आणि रुईच्या माळावाले खिडकीशी येतात; नको म्हणायचं असेल तर एकदाच आणि हसून म्हणा. दर्शन अर्ध्या तासात झालं. जुन्या घरांना दारं नाहीत, चौकटीत पडदे आहेत, कुठे कुत्रं आत जाऊ नये म्हणून फळी आडवी लावलेली. सुधीरने ते सगळं कौतुकाने बघितलं, आणि गाडी कुलूपबंद आहे ना ते दोनदा ओढून बघितलं. माणूस दोन दिवसांत एवढाही बदलत नाही.

नगरच्या अलीकडे उसाचा रस प्यायला थांबलो. मी अखेर विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

त्याने ग्लास खाली ठेवला. "तू लगेच काहीतरी सांगितलं असतंस. ध्यान कर, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू, ते आता जुनं झालं. तू चुकीचं नाही सांगत. पण मग मला तेही करायला लागतं."

मी तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, चांगलं मुद्देसूद. मग रस पिऊन टाकला.

घरी आल्यावर काय राहिलं, असं विचाराल तर: डाळ महिनाभर पुरली. चालणं अजून चालू आहे, अ‍ॅप गेलं. यंत्रात नवे सेल टाकले, आता सकाळी एकदाच मोजतो. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात डॉक्टर पट्टा गुंडाळायला लागले, तेव्हा त्याने हात मागे घेतला आणि आधी भावाचं सांगितलं. डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "हे आधी सांगायला हवं होतं," म्हणाले. त्यांनी भूलतज्ज्ञांना बोलावलं. त्या बाईंनी भावाबद्दल बारीकसारीक विचारलं, सुधीरच्या हृदयाच्या तपासण्या करून घेतल्या, कंबरेखालचाच भाग बधिर करता येईल, तुम्ही जागे राहाल, हे समजावलं. बीपी काही जादूने उतरलं नाही. एक गोळी सुरू झाली, तिने आणि या सगळ्याने मिळून ते जागेवर आलं. तारीख मिळाली. सोनूबाईंच्या लेकीचा फोन लागल्याचं एस्तेरने मध्येच कळवलं होतं. साखर कारखान्याच्या तळावर फोन पाण्यात पडला होता म्हणे.

ऑपरेशनच्या सकाळी हिरवा गाऊन घातलेल्या सुधीरला स्ट्रेचरवरून नेलं. दारापाशी तो म्हणाला, "भीती वाटतेय." मी म्हटलं, "हो." दुसरं काही सुचलं असूनही बोलले नाही. दार लागलं.

बाहेरच्या बाकावर एक अनोळखी बाई बसली होती, शेजारी पिशवी. मी इकडून तिकडे फेऱ्या मारत होते. नेहमी अशा वेळी मी बहिणीला फोन करते आणि सगळं व्यवस्थित चालू आहे म्हणून सांगते. फोन हातात होता, लावला नाही. त्या बाईसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "माझा नवरा आत आहे. मला फार भीती वाटतेय."

तिने माझ्याकडे बघितलं, पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाली, "माझी मुलगी आहे आत. बसा."