बिनकुलपाचा शोधनिबंध

कॉफीची सवय परभणी जिल्ह्याला कधी लागली नाही. इथे पाहुणा आला की चहा, भांडण मिटलं की चहा, आणि नाही मिटलं तरी चहाच. त्यामुळे मेंढरं राखणाऱ्या सोन्नरांची राजेश्री कॉफीवर पीएच.डी. करते आहे हे गंगाखेडजवळच्या तिच्या गावात कळलं, तेव्हा लोकांनी आधी पोटभर हसून घेतलं आणि मग तिच्या आईला विचारलं, "केवळाबाई, लेक हाटेल काढायलीय का काय?"

केवळाबाईला तरी कुठे ठाऊक होतं! पण लेकीची बाजू सोडणारी ती बाई नव्हे. "काढंना का," ती म्हणाली, "तुमच्या दारात तर न्हाई काढायली?"

राजेश्रीची कॉफी तरोट्याची होती. तरोटा म्हणजे पावसाळ्यात बांधावर, गायरानात, सडकेच्या कडेला न पेरता उगवणारं तण. कोवळ्या पाल्याची भाजी होते, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास शेंगा वाळल्या की बाया बी झोडून व्यापाऱ्याला घालतात. हे बी भाजून दळलं की कॉफीसारखं लागतं, यात नवल नव्हतं. ते जगाला माहीत होतं. राजेश्रीला शोधायचं होतं ते एवढंच, की खऱ्या कॉफीत ते किती मिसळावं आणि किती आचेवर भाजावं म्हणजे चव राहील आणि पोटालाही बाधणार नाही. मग बायांनी बी कशाला विकावं, भुकटीच विकावी. परभणीतल्या एका खाजगी अन्नतंत्र महाविद्यालयात ती तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे तास झाला तर नोकरी, सुट्टी लागली तर घरी. लग्नाचं वय याच भानगडीत निघून गेलं होतं. पण बाई खूश होती, आणि खूश माणसाला काय सांगणार?

तिची एकच चीड होती, कुलपाची. कॉफीवरचा कुठलाही चांगला शोधनिबंध उघडायला गेलं की वरच्या चार ओळी दिसत आणि खाली कुलूप, पैसे भरल्याशिवाय न उघडणारं. किल्ली मोठ्या विद्यापीठांकडे. ब्राझीलच्या, इथिओपियाच्या अनोळखी माणसांना ती मोडक्या इंग्रजीत पत्रं लिहायची, 'कृपा करून एक प्रत पाठवा'. काही भले लोक पाठवायचे, बाकीचे गप्प. तेव्हाच तिनं ठरवलं होतं की आपला निबंध निघाला तर तो बिनकुलपाचा निघेल. कुणीही वाचावा, उतरवून घ्यावा, वाटावा, त्यावरून माल तयार करावा. परवानगी मागायचीसुद्धा गरज नाही.

बी तिनं पाच गावांतून गोळा केलं. दरेक गावाची कापडी पिशवी वेगळी, वर गावाचं नाव. गोदाकाठच्या गावात दैवशाला नावाच्या बाईनं बी दिलं. दैवशाला मजुरीला जायची, कडेवर तिची पिंकी असायची, आणि राजेश्रीला ती पहिल्या दिवसापासून ताई म्हणायची. पाचही पिशव्या जेमतेम निम्म्या भरल्या. दसऱ्याच्या सुट्टीत प्रयोगशाळा बंद, म्हणून त्या दोन दिवस केवळाबाईच्या घरी राहिल्या. परभणीला नेताना राजेश्रीला वाटलं, पिशव्या चांगल्या गच्च दिसतात की. बायांनी हात सैल सोडून दिलंय म्हणायचं. तिला बरंच वाटलं.

निकाल असा आला की तिच्या मार्गदर्शकांनी, बन्सीधर सरांनी, पेढे मागवले. पाचही गावांचं बी सारखं निघालं. एकाच आचेवर, तेवढाच वेळ भाजलं की कुठलाही तरोटा निर्धोक. म्हणजे कुणाही बाईला करता येईल इतकी सोपी गोष्ट. निबंध बिनकुलपाच्या नियतकालिकात छापून आला. पहिलं नाव राजेश्रीचं, दुसरं सरांचं. कोपऱ्यात उघड्या कुलपाचं नारिंगी चित्र होतं. ते ती मोबाइलवर मोठं करकरून बघायची. मग तिनं त्याचं मराठी केलं, सोप्या भाषेत, आणि बचत गटांच्या बायांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. गावानं शाल-नारळ दिला. मानवतला योगीराज नावाच्या उद्योगी माणसानं कारखाना टाकला, पुडीवर राजेश्रीचा फोटो छापला आणि खाली लिहिलं, 'शास्त्रीय संशोधनाने सिद्ध'. तो जिल्ह्याबाहेरही माल धाडू लागला. पोरगी सोन्याची निघाली, असं हसणारेच आता म्हणू लागले.

वर्षभरानं एका दुपारी केवळाबाई अंगणात तरोटा निवडत बसली होती. निवडण्यात तिचा हात कुणी धरावा! खडा, काडी, परकं बी, काही सुटायचं नाही. बोलता बोलता म्हणाली, "तुजं सगळं बरकतीचं झालं बाई. त्या पिशव्या म्या भरल्या तवाच म्हणलं, यश येनार."

"कोणत्या पिशव्या?"

"त्या दसऱ्याच्या. अर्ध्या पिशव्या घिऊन चालली व्हतीस साळंत. लेकीला उणं माप बांधून धाडत अस्त्यात का? लोक काय म्हणतेल. आपल्या घरचं निवडल्यालं बी व्हतं, सगळ्यात वरपस्तोर घातलं."

पाच गावांचं बी सारखं कसं निघालं, ते राजेश्रीला आता कळलं. निम्म्याहून जास्त एकाच घरचं होतं, आणि तेही आईच्या हातचं, जिल्ह्यात सगळ्यात स्वच्छ. तिला आईचा राग आला आणि आल्याबरोबर त्या रागाची लाज वाटली. पिशव्या रिकाम्या जाऊ नयेत म्हणून माय उठते, मूठ मूठ टाकते, गाठ मारते, याला गुन्हा कोण म्हणेल? ती आईला काही बोलली नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

पुन्हा पाच गावं हिंडून तिनं पुन्हा बी आणलं, आणि या वेळी रात्रीचं उशाशी ठेवलं. चार गावांचं ठीक निघालं. गोदाकाठच्या बियांत मात्र रानकासविंदा मिसळलेला होता. तो तरोट्याचाच भाऊबंद, नदीकाठी दोघं खेटून उगवतात. शेंग ओळखू येते, पण झोडलेलं बी एकदा पोत्यात पडलं की घाईच्या हाताला फरक कळत नाही. आणि कासविंद्याचं बी लेकरांच्या यकृताला वाईट. निबंधात सांगितलेल्या आचेवर त्याचं विष पुरतं मरत नव्हतं. पहिल्या खेपेला केवळाबाईच्या चांगल्या बियांनी ते वाईट बी झाकून टाकलं होतं.

ती धावतच बन्सीधर सरांकडे गेली. सर मन लावून ऐकणारे होते, तसं त्यांनी ऐकलंही. मग म्हणाले, "राजेश्री, तुम्ही जास्त विचार करताय. एका गावातल्या एका नमुन्यात उलीसं काहीतरी सापडलं, म्हणून छापलेला निबंध मागे घ्यायचा? कॉलेजचं मूल्यांकन तोंडावर आहे. माझीही बढती त्यावरच आहे. पुढच्या निबंधात एक ओळ टाकू."

"सर, लोक करून प्यायलेत ते. लेकरं प्यायलीत."

"आजवर कुणाला काही झालंय का?"

झालं नव्हतं, निदान कुणाला कळलं तरी नव्हतं. तिनं सरांना न विचारता नियतकालिकाला लिहिलं. तिकडून विचारणा, खुलासे, सरांचं हरकतीचं पत्र, पुन्हा विचारणा, असं घोडं महिनोन् महिने पेंड खात राहिलं. शेवटी निबंधावर तांबड्या अक्षरांत आडवं छापून आलं, 'मागे घेतला आहे'. इंग्रजीत. नव्या सत्रात राजेश्रीला कॉलेजनं एकही तास दिला नाही. कुणी रागावलं नाही, कुणी काढून टाकलं नाही. वेळापत्रकात तिचं नावच आलं नाही, इतकंच.

तिला त्याचं फार वाटलंही नाही. तिचा जीव दुसरीकडे अडकला होता. कुलूप नसलेलं घर असतं ना, तसं झालं होतं: जो तो येऊन आपापलं घेऊन गेला होता, आता मालकीण दारात उभी राहून ओरडते आहे की ते परत आणा. निबंध कुठल्या कुठल्या संकेतस्थळांवर चढला होता, कुणी त्यावर व्हिडिओ केले होते, तिचं सोपं मराठी या गटातून त्या गटात फिरत होतं. तांबडी अक्षरं फक्त मूळ जागी होती, आणि मूळ जागी जातो कोण? तिनं सगळ्या गटांत पुन्हा निरोप टाकला, 'ही कॉफी करू नका'. खाली हात जोडल्याची चित्रं आली, फुलं आली, शुभ सकाळ आलं.

मानवतला ती स्वतः गेली. योगीराजनं उठून खुर्ची दिली. माणूस वाईट नव्हता; धंदा चांगला चालला होता एवढाच त्याचा दोष.

"ताई, हे तुमीच लिवलंय ना?" भिंतीवर फ्रेम करून लावलेला निबंध दाखवत तो म्हणाला.

"मीच लिहिलंय, आणि मीच सांगते की चुकलंय. गोदाकाठचं बी घेऊ नका. निदान लेकरांना देऊ नका असं तरी छापा."

"तुमी बोलताय ते तोंडी हाय. हे छापल्यालं हाय. तुमच्या सरांनाबी इचारलं म्या. ते म्हणले, बाईचं अन् कालेजाचं जरा बिनसलंय." त्यानं चहा मागवला. कॉफीच्या कारखान्यात तिला चहा मिळाला, आणि पुडीवरचा फोटो काढायला तो आनंदानं तयार झाला. फोटो गेला, पुडी राहिली.

उरलं दैवशालाचं गाव. तिथे तिनं बायांना देवळापुढे बसवून कासविंद्याच्या शेंगा दाखवल्या, हे बी लेकराच्या पोटात गेलं तर काय होतं ते सांगितलं, पुडीवरही विश्वास ठेवू नका म्हणून बजावलं. बायांनी नीट ऐकलं. दैवशालानं तर सगळ्यांच्या आधी मान हलवली. परतीच्या एसटीत राजेश्रीला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. एक गाव तरी वाचलं.

पावसाळा सरता सरता दैवशालाचा फोन आला. "ताई, पिंकीला लय झालंय. सारखी वकायलीय, डोळे फिरवायलीय. परभणीला आणलंय. तुमच्याबिगर हितं कोन हाय आमचं? या."

लेकरांच्या डॉक्टरांच्या त्या दवाखान्यात भर दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. पिंकी खाटेवर पिवळी पडली होती, हाक मारली तर ओ देत नव्हती. राजेश्रीनं पहिलं तेच विचारलं. दैवशाला तळमळून म्हणाली, "न्हाई ताई, घरची कवाच बंद केली. तुमी नगं म्हणलात ना! मानवतची पुडीच आनतो. कारखान्यातली हाय ती, निवडूनच येत आसंल. रोज सकाळी दुधात उलीशी देते, लय आवडती तिला." तिनं पिशवीतून पुडी काढून दाखवली.

राजेश्रीनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. कासविंदा, यकृत, कॉफी. तिचा आवाज चढत गेला असावा, कारण बाहेरचे लोक आत डोकावू लागले. डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी पुडी हातात घेतली, मोबाइल काढला, काहीतरी शोधलं आणि पहिलं जे आलं ते मोठ्यानं वाचलं, "निबंध आहे इथे, मराठीत. 'या पद्धतीने भाजलेली तरोट्याची कॉफी सर्व वयोगटांसाठी निर्धोक आहे.' परभणीच्याच कुणी आहेत, राजेश्री सोन्नर."

"ती मीच," राजेश्री म्हणाली. "ते चुकलंय. ते मागं घेतलंय."

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. त्या प्रतीवर तांबडं अक्षर एकही नव्हतं. "लिहून ठेवतो तुमचं म्हणणं," ते सबुरीनं म्हणाले. "यकृताला सूज आहे, इथे ठेवण्यात अर्थ नाही. नांदेडला हलवा, आत्ताच." आणि गाडी बोलवायला ते बाहेर गेले.

या सगळ्यातला एकच शब्द दैवशालापर्यंत पोहोचला होता. निर्धोक. तिच्या तोंडावरचा ताण कुणी हातानं पुसावा तसा उतरला. "मंग कॉफीनं न्हाई झालं," ती म्हणाली. "माय वं! माज्याच हातानं पाजलं म्हनून काळीज तुटायलं व्हतं."

आता खरं बोलायचं म्हणजे हे तिचं एवढंसं समाधान हिसकून घ्यायचं. तरी राजेश्री बोललीच. "दैवशाला, कॉफीनंच झालंय. पण तुझ्या हातानं नाही. माझ्या."

दैवशालानं तिच्याकडे बघितलं ते दुःखातल्या माणसाकडे बघतात तसं. मग पुढे होऊन तिच्याच पाठीवरून हात फिरवला. "असं कामून बोलता, ताई? छापल्यालं हाय की त्यात. डाक्टरानं वाचलं आत्ता. तुमी उगं जिवाला लावून घिऊ नका."

गाडी आली. दैवशालानं पोरीचे कपडे, पाण्याची बाटली आणि पुडी पिशवीत भरली. राजेश्रीनं पिशवीत हात घालून पुडी काढून घेतली. दैवशालानं तिला अडवलं नाही.

"ऱ्हाऊ द्या तुमाला," पोरीला उचलत ती म्हणाली. "नांदेडलाबी मिळत आसंल."