धुतलेल्या बाटल्या

नाशकात मी शिकवते त्या क्लासमध्ये आज तारामाशाच्या जुन्या बरणीचं झाकण उघडलं आणि फॉर्मालिनचा वास डोळ्यांना झोंबला.

समुद्राकाठच्या संस्थेत माझ्या कंत्राटाचा शेवटचा दिवस होता, तेव्हाही असाच झोंबला होता. होडीत ओकाऱ्या काढत, जाळं ओढून मी गोळा केलेले समुद्रातले सूक्ष्मजीव टेबलावर बाटल्यांत भरून ठेवले होते. प्रत्येक बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली माझी चिठ्ठी होती, कारण शाई आत विरघळते.

आमच्या प्रोजेक्टचे प्रमुख सर दारातूनच म्हणाले, "प्रोजेक्ट संपला. बाटल्या रिकाम्या करून ठेव, नव्या मुलांना लागतील."

"सर, अर्धे नमुने अजून बघायचेत."

"आता कोण बघणार?"

मी एकेक बाटली कचऱ्याच्या कॅनमध्ये ओतली आणि रडत रडत घासून लख्ख केली. काम नीट केलं तर पुन्हा बोलावतील, असं तेव्हा खरंच वाटत होतं. आज कळतं, मी माझीच जागा दुसऱ्यासाठी धुऊन ठेवत होते.

"मॅडम, हा तारामासा तर सडलाय," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. "ओतून देऊ?"

"हात लावू नकोस!"

मी जोरात ओरडले आणि बरणी दोन्ही हातांनी माझ्याकडे ओढून घेतली.