बर्फाळ पुलावरची बसकण

ब्रिस्टलजवळच्या एका छोट्या कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, मी पुलांची इंजिनिअर म्हणून लागले, त्याच हिवाळ्यातली गोष्ट. नदीवरचा एक जुना लोखंडी फूटब्रिज माझ्याकडे होता. रस्त्यावर टाकतात ते मीठ लोखंड खातं, म्हणून तिथे बर्फ धरू न देणारं वेगळं औषध फवारत. कधी फवारायचं ते मी ठरवायचं. एका संध्याकाळी रात्रीच्या तापमानाचा फोरकास्ट शून्याच्या वर होता. मी "नको" म्हटलं.

सकाळी मात्र राहवेना. बघायला गेले. रस्ता कोरडा ठणठणीत. पुलावरही सुरुवातीला काही जाणवलं नाही, पण मध्यावर पाय असा सटकला की मी थेट बसलेच! रस्त्याला खालून जमिनीची ऊब असते, पुलाला खालूनही वारा झोंबतो, म्हणून पूल आधी गोठतो. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

उठायला गेले की पुन्हा घसरायचे. तेवढ्यात पलीकडून काठी टेकत एक आजोबा येताना दिसले. घाबरून तोंडातून मराठीच निघालं, "अहो, येऊ नका! थांबा तिथेच!"

ते थांबले. "नाही येत. पण तुम्ही कशा उठणार?" अगदी पुणेरी मराठी!

मी पुन्हा उठायला धडपडले.

"उठू नका. रेलिंगचा खालचा गज धरा आणि बसूनच सरका. इथल्या हॉस्पिटलात आयुष्यभर हाडं जोडलीत मी. आता रिटायर झालोय, मला काम देऊ नका."

लहान मुलासारखी सरकत मी त्यांच्यापर्यंत पोचले. त्यांनी मनगट दाबून पाहिलं, "शाबूत आहे" म्हणाले. मी फवारणी करणाऱ्या क्रूला फोन केला. दोन्ही टोकं अडवायला हवी होती आणि माणूस मी एकटी.

"हे टोक माझं," डॉक्टरांनीच सांगितलं आणि माझं कौन्सिलचं पिवळं जॅकेट मागून घेतलं.

मी पुढच्या, गाड्यांच्या मोठ्या पुलावरून वळसा घालून दुसऱ्या टोकाला गेले. नदीपलीकडून त्यांचा आवाज येत होता, "ब्रिज क्लोज्ड! नो, सर, नॉट इव्हन यू!"

क्रू आला तो त्यांच्याच बाजूने. फवारणी झाल्यावर क्रूचा प्रमुख मला म्हणाला, "तुमचे साहेब फार कडक. आमचे बूट तपासूनच पुढे सोडलं."

ऑफिसात जाऊन मॅनेजरला चूक माझीच असल्याचं सांगितलं. तो पोट धरून हसला आणि पुलाच्या पृष्ठभागाचं तापमान मोजणारा सेन्सर त्याच आठवड्यात मंजूर केला. रविवारी डॉक्टरांकडे जेवायला गेले. जॅकेट त्यांनी अजून परत दिलेलं नाही.