डीजे मंजुषा, गारखेडा

आमच्या समोरच्या मंजुषाने डीजेचं सामान घ्यायचं ठरवलं, तेव्हा कॉलनीतल्या निम्म्या लोकांनी विचारलं, “कोणाला घेऊन देताय?” बाई स्वतःसाठी शिलाई मशीन घेते, वॉशिंग मशीन घेते. ती डीजे घेते म्हणजे घरात कुणीतरी वाया गेलेला मुलगा असणार, असा सरळ हिशेब. मंजुषाला मुलगाच नाही. मी तिची शेजारीण रूपा, पतपेढीत कॅशियर आहे आणि फुकटचे सल्ले देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. या प्रकरणात तो राग मला पोटभर करायला मिळाला.

मंजुषा ब्लाउज शिवते. बेचाळीस वर्षांची, अंगाने भरलेली, हसली की आधी खांदे हलतात आणि मग आवाज येतो. आणि ती नाचायची. तिच्या नाचात कला वगैरे काही नव्हती, पण तिला नाचताना पाहून भिंतीला टेकून बसलेल्या बायकासुद्धा पदर खोचून उठायच्या. नात्यात हळद असली की आधी तिलाच फोन जायचा. मग दोन वर्षांपूर्वी तिच्या नणंदेच्या मुलीच्या, श्रेयाच्या, हळदीला डीजेवाल्याच्या सोबत्याने तिचा व्हिडिओ काढला, त्याला मागे हत्तीचा आवाज जोडला आणि स्टेटसला ठेवला. तो फिरत फिरत तिच्या नवऱ्याच्या कंपनीच्या ग्रुपवर पोचला. त्या सोबत्याला कुणी एक शब्द बोललं नाही. मंजुषाला मात्र चार जणींनी समजावलं की आता वय झालं, जरा जपून.

तेव्हापासून ती हळदीला गेली की आधी हळदीचं ताट हातात घ्यायची. ताट धरलेल्या बाईला कुणी नाचायला ओढत नाही. ही तिची युक्ती माझ्या लक्षात आली, तेव्हा मला फार वाईट वाटलं आणि मी त्या व्हिडिओवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मग तिच्या पुतणीचं, संस्कृतीचं, लग्न ठरलं. संस्कृती लहानपणापासून काकूच्या कमरेला धरून नाचलेली. तिने सांगून टाकलं, “काकू, तू नाचणार नसशील तर मी हळद लावूनच घेत नाय.”

मंजुषा म्हणाली, “नाचते. पण त्या खोलीत एक बी पुरुष नको. डीजेवाला सुद्धा नको.”

आता बाई डीजे आणायची कुठून? आम्ही शहरभर विचारलं. एक सापडली, ती पुण्याला राहायला गेली होती. शेवटी मंजुषाने ब्लाउजची बटणं लावता लावता शांतपणे सांगितलं, “मग मीच वाजवते. माझी भिशी लागलीय या महिन्यात.”

इथून सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. मी स्वतः म्हटलं, मोबाइल जोड स्पीकरला, झालं. त्यावर तिने मला एका डोहाळेजेवणाची आठवण करून दिली. तिथे ऐन नाचात फोन आला होता आणि “अगं, गॅस बंद केला का?” हे वाक्य साठ बायकांनी ऐकलं होतं. शिवाय ती म्हणाली, “एक गाणं संपून दुसरं लागेस्तोवर बायका पाणी प्यायला जातात, त्या परत येत नाहीत. मला गाण्याला गाणं शिवायचंय. टाका दिसला नाय पाहिजे.”

नवरा सुदर्शन वाळूजच्या कंपनीत क्वालिटीला आहे. त्याने रात्रंदिवस व्हिडिओ बघून “आधी वॅट बघ, वॅट” एवढंच शिकून घेतलं आणि ते पोळी वाढतानाही ऐकवू लागला. गल्लीच्या मंडळाचा ऋतुराज संस्कृतीचा मावसभाऊ लागतो. मिरवणुकीत ट्रकभर स्पीकरच्या पुढे उभं राहून त्याला अर्धं ऐकू येत नाही, म्हणून तो सगळ्यांशी ओरडून बोलतो. तो म्हणाला, “काकू, चार बेस, चार टॉप आन् वर लेझर. भिंत हलली पाहिजे.”

“भिंत भाड्याची हाय,” मंजुषा म्हणाली.

शेवटी आम्ही दोघी शहागंजच्या अलीकडच्या गल्लीत मोईनभाईंच्या दुकानात गेलो. जुनं-नवं दोन्ही सामान ठेवतात. दुकानात उभं राहायला जागा नव्हती, सगळीकडे स्पीकरचे काळे खोके. मोईनभाईंनी आमच्या मागे कुणी पुरुष येतोय का ते पाहिलं, थोडा वेळ वाट पाहिली आणि विचारलं, “ताई, वाजवणारा कुठंय?”

“मीच.”

त्यांनी चहा मागवला. त्यांना विचार करायला वेळ हवा असावा.

मंजुषाची खरेदीची एकच रीत आहे, साडीच्या दुकानातली. सगळं काढायला लावायचं, उलटं करून बघायचं, काठ नखाने खरवडायचा आणि मग ज्यावर मन बसलंय त्याला नावं ठेवायची. तिने कंट्रोलर उलटा केला. कंट्रोलर म्हणजे दोन फिरत्या चकत्या आणि पन्नास बटणं असलेली पाटी, ती लॅपटॉपला जोडली की दोन गाणी एकात एक मिसळता येतात. सगळ्यात महागडा कंट्रोलर बघून ती म्हणाली, “हे एवढे दिवे कशाला? मला दिवाळी करायची नाय.” एका स्पीकरवर तिने माठ वाजवून बघावा तसं बोटाने वाजवून पाहिलं. दुसऱ्याला विचारलं, “यात दुसरा रंग आहे का?” मोईनभाई इतकी वर्षं हा धंदा करतात. हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच आला होता.

पण ती बायकांच्या खोलीसाठी घेतेय हे कळल्यावर त्यांचा चेहरा बदलला. खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “आमच्या घरात मेहंदीला डीजेवाला पडद्यामागं बसतो. त्याला काय दिसत नाय. आतून बायका ओरडतात, भैया बदलो. तो बदलतो, तर दुसरी म्हणती, वोच अच्छा था. रात्रभर हेच. आमची पोरगी महेजबीन तर म्हणती, आंधळ्याच्या हातात गाडी दिली. तुम्ही शिकून घ्या ताई. पहिली ऑर्डर माझ्या घरची.”

मग त्यांनी खरं सामान दाखवलं. दोन चॅनलचा वापरलेला कंट्रोलर, एक चकती जरा ढिली. पोटातच ॲम्प्लिफायर असलेले दोन स्पीकर, म्हणजे वेगळी पेटी उचलायला नको. कान झाकणारा हेडफोन, कारण पुढचं गाणं आधी आपल्या कानात ऐकून मग बाहेर सोडायचं असतं. आणि वायर मात्र नवीकोरी. “वायरमधी कंजूसी नको. लोकं स्पीकर मोठा घेतात आन् वायर फालतू घेतात, मग भर वरातीत गाणं मरतं. आन् एक ध्यानात ठेवा, ह्या स्पीकरची पाठ गरम होती. पाठ उघडी ठेवा.”

मंजुषाने ढिल्या चकतीवरून असा भाव पाडला की मोईनभाईंनी दुसरा चहा मागवला. लॅपटॉप संस्कृतीचा कॉलेजातला जुना होता. भिशीत सगळं बसलं, वर रिक्षालाही उरले.

पुढचे तीन महिने मंजुषा दुपारी कानाला हेडफोन लावून डायनिंग टेबलाशी उभी राहायची. घरात आवाज शून्य. ती मान हलवतेय, चकती मागेपुढे करतेय, मधेच दात-ओठ खातेय. तिची सासू आशाबाई समोर मेथी निवडत बसायची. फर्दापूरकडच्या खेड्यातली बाई, सत्तरीची, कुणाचीही भीड न ठेवणारी. मला म्हणाली, “तीन म्हैने झाले, दोन तवे फिरवायलीय. भाकर एक बी निघाली नाय.”

पण मेथी निवडून झाली तरी ती उठायची नाही. हळूहळू तिने आपली खुर्ची टेबलाच्या जवळ ओढली.

आता मंजुषाच्या घरात एक नियम आहे. यंत्र उघडं ठेवायचं नाही. फ्रिजला कव्हर आहे, टीव्हीला आहे, वॉशिंग मशीनला झालरीचं आहे, रिमोटला सुद्धा प्लॅस्टिक आहे. त्यात ती शिवणारी. नवरीच्या ब्लाउजांतून उरलेलं मरून मखमली कापड तिच्याकडे होतं, आत कापूस भरून तिने दोन्ही स्पीकरना गुबगुबीत कव्हरं शिवली. पुढे आवाज यायला जाळीची खिडकी, कडेला लेस, पाठीला चेन. फार देखणी झाली होती. मीही म्हटलं, काय सुरेख. मी तिच्यासोबत त्या दुकानात बसले होते, त्या माणसाचे शब्द मीही ऐकले होते, आणि तरी म्हटलं. आपल्याकडे कव्हर दिसलं की डोकं चालायचं थांबतं.

हळद हर्सूलकडच्या मंगल कार्यालयात होती. वरचा हॉल बायकांचा, खाली पुरुष. सुदर्शनला जिन्यावर दाराबाहेर खुर्ची टाकून बसवलं, कुणाला वर सोडायचं नाही म्हणून. आतून कडी. आणि मंजुषाने पहिलं गाणं लावलं.

खरं सांगते, मला इतकं येईल असं वाटलं नव्हतं. एका गाण्यात दुसरं कधी शिरलं कळत नव्हतं. पाणी प्यायला कुणी गेलंच नाही. ज्या चार जणींनी वय झालं म्हणून समजावलं होतं, त्यांतल्या दोघी फुगडी घालत होत्या. नवरीच्या गालाला लावायची हळद एकमेकींच्या मानेला लागत होती.

आणि ऐन रंगात एक स्पीकर गेला. पाठोपाठ दुसरा.

फुगड्या अर्ध्यावर सुटल्या. मंजुषाने वायर हलवून पाहिली, लॅपटॉप पाहिला, सगळी बटणं दाबली. काही नाही. खालून लगेच पावलं आली. “काकू, कडी काढा,” दाराबाहेरून ऋतुराज ओरडला, “पाच मिनटात करून देतो. मी म्हणलं नव्हतं का?” त्याच्या मागे आणखी दोघे-तिघे असावेत. सुदर्शन त्यांना काहीतरी समजावत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. आतल्या बायकाही कुजबुजायला लागल्या, येऊ द्या की, आपलाच मुलगा आहे. मंजुषा दाराकडे निघाली. कडीवर हात गेला तिचा. मला वाटलं, संपलं. आता ही पुन्हा ताट घेणार.

तेवढ्यात आशाबाईने स्पीकरच्या पाठीवर हात ठेवला. तापलेल्या लेकराला बघावं तसा, आधी तळहात, मग उलटा हात.

“अगं मंजुषा,” ती म्हणाली, “ह्याला ताप आलाय. आन् तू त्याला स्वेटर घालून बसवलंय.”

मी कपाळावर हात मारला. पाच जणींनी मिळून ती मखमल ओरबाडून काढली, लेस फाटली, मंजुषानेच फाडली. मग हळदीने माखलेल्या वीस-पंचवीस बायका पदराने, लग्नपत्रिकांनी, जेवणाच्या थर्माकोलच्या ताटल्यांनी त्या दोन स्पीकरना वारा घालू लागल्या. एक जण त्यांच्यावर पाणी शिंपडायला निघाली होती, तिला मी धरलं. दाराबाहेर ऋतुराज विचारत होता, “काय चाललंय आत?” आणि कुणालाही त्याला उत्तर द्यायला सवड नव्हती.

थोड्या वेळाने दोन्ही स्पीकरचा हिरवा दिवा लागला. मंजुषाने गाणं जिथे थांबलं होतं तिथून पुन्हा सोडलं आणि जो काही दंगा झाला तो सांगण्यात अर्थ नाही.

संस्कृती पळत आली, मंजुषाचा हात ओढला. “काकू, चल आता. तू कबूल केलंय.”

“कशी येऊ?” मंजुषा म्हणाली. “दोन मिनटात हे संपतंय. दुसरं कोण लावणार?”

संस्कृतीने तिचा हात सोडला. तीन महिने एवढे सल्ले झाले, वॅट झाले, वायर झाली, भिंत झाली. वाजवणारा नाचू शकत नाही हे कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी हिशेबाची बाई, माझ्याही नाही. ती टेबलामागे उभी होती, कानावर हेडफोन, हात बटणांवर, आणि हसत होती. ते हसू मला बघवेना. एवढं सगळं करून तिने स्वतःसाठी आणखी एक ताटच शोधलं होतं.

आशाबाई उठली, गुडघ्यावर हात ठेवत टेबलापाशी आली. “सरक.”

“आत्याबाई, तुम्हाला नाय जमणार.”

“कोणतं बटन दाबायचं नाय तेवढं सांग. बाकीची मला ठावं हायेत. मेथीच निवडत होते का मी नुसती?”

तिने डोक्यावरच्या पदरावरूनच हेडफोन चढवला, उलटा, आणि खुर्चीत बसली. मंजुषाला मी मागून ढकललं.

पहिलं अर्धं मिनिट ती नुसती उभी होती, हात कुठे ठेवावेत ते कळत नसल्यासारखी. एकदा दाराकडे बघितलं, एकदा सगळ्यांच्या हातांकडे. कुणाच्याच हातात फोन नव्हता, होती ती हळद. मग तिने पदर खोचला. आणि नाचली. आधीसारखी नाही, आधीपेक्षा जास्त, दोन वर्षांचं एकदम. मला दुसऱ्याचा नाच बघून रडू वगैरे येत नाही, त्या दिवशी आलं. संस्कृती तिच्या कमरेला धरून फिरत होती. गाणं संपलं तेव्हा आशाबाईने तेच परत लावलं, कारण तिला तेवढंच लावता येत होतं. मग तिसऱ्यांदा लावलं. एकीनेही बदला म्हटलं नाही.

दारावर थाप पडली. “माय,” सुदर्शन बाहेरून म्हणाला, “खाली पानं वाढलीयेत. समदे थांबलेत. जेवण थंड व्हायलंय.”

आशाबाईने टेबलावरचा मंगल कार्यालयाचा माइक उचलला. तो चालू होता आणि तिचा आवाज खालच्या पंगतीपर्यंत गेला.

“होऊ दे थंड. माझी सून नाचायलीय.”