रक्त नेमकं कुणाचं?

डायलिसिस विभागात अठरा वर्षं काम केलेल्या तंत्रज्ञाला सगळे दादा म्हणत. नवा पेशंट आला की दादा पाच मिनिटांत सगळं समजावायचे आणि शेवटी विचारायचे, "कळलं ना?" आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. आपल्याला छान समजावता येतं, असं त्यांना मनापासून वाटे.

एक निवृत्त बस कंडक्टर दोनदा आले, तिसऱ्यांदा फिरकलेच नाहीत. दादांनी फोन केला तर मुलगी रडकुंडीला आलेली. "बाबा ऐकतच नाहीत हो. पाय सुजलेत, चार पावलं चालले की धाप लागते."

दादा तडक त्यांच्या घरी गेले. कंडक्टरांनी आधी त्यांना बसायला खुर्ची दिली. मग म्हणाले, "रागावू नका, पण तिथली सगळी मशीनं भिंतीतल्या एकाच पाइपला जोडलीत. आठ जणांचं रक्त एकत्र करायचं आणि वाटून द्यायचं! कुणाकुणाचं माझ्या अंगात येतं, देव जाणे."

"अहो, पण मी तुम्हाला सांगितलं होतं..."

"रक्त शुद्ध होऊन परत येतं, एवढंच म्हणालात. कुणाचं, ते कुठं सांगितलंत?"

दादांना हसू आलं नाही. असे किती जण माना डोलवून, धास्ती पोटात घेऊन घरी गेले असतील?

"चला, आत्ताच दाखवतो," ते म्हणाले.

विभागात पोचताच त्यांनी त्या पाइपचा नळ सोडला. ग्लासात नितळ पाणी आलं. मग मुदत संपलेला एक कोरा फिल्टर करवतीने कापला. आत केसांसारख्या हजारो नळ्या.

"रक्त यांच्या आतून जातं, पाणी बाहेरून. घाण तेवढी पाण्यात झिरपते."

कंडक्टरांनी आपल्या दंडापासून मशीनवरच्या नळ्यांवरून फिल्टरपर्यंत आणि परत दंडापर्यंत बोट फिरवलं. "म्हणजे गाडी माझीच. नको ते प्रवासी तेवढे वाटेत उतरवायचे."

"अगदी बरोबर!"

"मग बसवा मला."

तेव्हापासून 'कळलं ना?'ऐवजी दादा पेशंटला म्हणू लागले, "आता तुम्ही मला सांगा." पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासावर गेलं. डॉक्टर कुरकुरले, पण दादा बधले नाहीत.

कंडक्टर पुढे तीन वर्षं जगले. एकदा शेजारच्या खुर्चीतली नवी बाई भीतीने सुईसाठी हात पुढे करेना. दादा तिच्याकडे निघाले, तोवर कंडक्टरांनी तिला प्रवाशांची गोष्ट सांगायला घेतली होती. बाई हळूच हसली. दादा दारातच थांबून ऐकू लागले.