घासलेली नाणी

पक्षाघाताचा मोठा झटका आला, हातपाय लुळे पडले आणि पुंडलिकरावांची वाचा गेली, ती परत आलीच नाही. जवाहरनगरच्या कारखान्यात उमर काढलेला माणूस, निवृत्त झाल्यावर मोहाडीत हौसेनं घर बांधलं, आणि आता त्याच घरात खाटेवर पडून होता. मंगलाबाई त्यांना भरवत, पुसत, कुशीवर वळवत. पण चेहऱ्यावरची रेषही हलत नसे, आणि तेच त्यांना सोसवत नव्हतं.

पुंडलिकरावांचा सारा जीव नाण्यांत. कुठं मोडीवाल्याच्या ढिगातून, कुठं नागपूरच्या प्रदर्शनातून जमवलेली. मंगलाबाई तांदूळ निवडत असल्या की समोर बसून सांगत, "जुनं हाये म्हणून भाव नसते, मंगला. टांकसाळीनं कमी पाडलं असन त्याले भाव. नाण्यावरच्या सालाखाली टांकसाळीचा एवढासा ठिपका हाये का नाही, त्यावर सारं ठरते." नाण्यांच्या पेटीला मात्र कुणाला हात लावू देत नसत. बायकोलाही नाही.

भीमजयंती आली. घर रंगवलं, पडदे धुतले. मंगलाबाईंनी पेटी उघडली आणि दुपारभर बसून एकेक नाणं चिंच-मिठानं घासलं. भोसल्यांच्या काळातली काळी ठिक्कर पडलेली तांब्याची नाणी लखलखीत निघाली. ताटात मांडून त्यांनी ती नवऱ्यासमोर धरली.

"पाहा जी, कसे चमकून राहिले!"

पुंडलिकरावांचे डोळे भरून आले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. मंगलाबाईंना हुंदका आवरला नाही. मग रोज सकाळी ताट समोर धरायचं, असा त्यांनी नेमच केला. रोज त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळे, आणि त्या पदरानं टिपत.

पावसाळ्यात सेवकराम भेटायला आला. पुंडलिकरावांच्याच नादानं नाणी जमवायला लागलेला मित्र. ताटातलं एक नाणं उचलून त्यानं उलटसुलट पाहिलं. ओसरीत आल्यावर हळूच म्हणाला,

"वहिनी, हे घासले काय?"

"हो भाऊजी. लय काळे पडले होते."

"तो काळा थर शेदोनशे वर्षांत चढते, वहिनी. जमवणारा तोच पाहते. घासलं की थर जाते, अक्षरं झिजते. आता हे नुसतं तांबं."

मंगलाबाईंनी आतल्या खाटेकडे पाहिलं. "यायले माहीत हाये हे?"

"त्यानंच तं मले शिकवलं."

त्या आत गेल्या. पुंडलिकराव जागे होते.

"तुमचा जीव तुटून राहिला होता, अन् मी रोज दाखवत होती," त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला. "राग आला असन तं बोट हालवा. काही तरी करा जी."

त्यांनी डोळे मिटले. माफ केलं म्हणून मिटले, की बायकोकडे पाहवेना म्हणून, मंगलाबाईंना कळलं नाही. पुन्हा पुन्हा विचारूनही कधी कळलं नाही.

धान कापणीला आलं तेव्हा पुंडलिकराव गेले. भेटायला आलेल्या बाया म्हणत, "एवढी सेवा कोणी करत नाही, बाई." ते ऐकलं की मंगलाबाई मधूनच उठून आत जात आणि दार लोटून घेत.