रायपूर ते कोची, दोन तास
विमानात ‘उड्डाणाला इतका वेळ लागेल’ अशी घोषणा झाली, की माझं डोकं अजून तापतं. काही वर्षांपूर्वी ताईचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. ती कोचीत एकटीच राहायची, म्हणून मी रायपूरच्या ऑफिसात चार दिवसांची रजा मागितली. साहेब आपल्याच विदर्भातले. समोशाच्या तेलकट बोटांनी त्यांनी फोनवर अंतर काढलं. “चौदाशे किलोमीटर, दोन तास. चार दिवस काहून पाहिजे तुले? दोन घे.” “सर, थेट विमान नाही. हैदराबादले बदलावं लागते,” मी म्हटलं. “इथं तर दोनच तास दाखवून राहिले,” म्हणत त्यांनी फोन माझ्या तोंडापुढे धरला. रजा दोनच दिवसांची मिळाली, म्हणून मला ऑपरेशनच्याच दिवशी निघावं लागलं. हैदराबादला सात तास नुसती बसून राहिले. पोचले तेव्हा ताईला आत नेलं होतं. संमतीच्या कागदावर तिनं स्वतःच सही केली होती आणि नर्सला तीनदा विचारलं होतं, “माझी बहीण आली का?” ताई वाचली. परतल्यावर साहेब हसून म्हणाले, “झालं ना दोन दिवसात?” माझ्या तोंडून “हो सर” निघालं, त्याचा राग वेगळाच. आता ते निवृत्त झालेत. सकाळी तेलीबांध्याच्या तलावावर भेटतात, ताईची तब्येतही विचारतात. मी पुढे निघून जाते.